बत्तीस तासांची वाटणी

केळीच्या मुलखात राहून माणसांना केळी खाऊ नका असं सांगत राहणं, हे माझं तेवीस वर्षांचं काम. शिवाय जळगावच्या मे महिन्यात पाणी पिऊ नका असंही सांगायचं. अशी बाई लोकांना आवडावी तरी कशी? पण मी डायलिसिस तंत्रज्ञ होते आणि ज्यांची मूत्रपिंडं बंद पडलेली असतात, त्यांच्यासाठी केळं आणि पाणी या दोन्ही गोष्टी विषासारख्याच. म्हणून मी बोलत राहिले आणि लोक माझ्यावर रागावत राहिले.

काम काय, ते आधी सांगते. हातातल्या नसेत दोन सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर येतं, यंत्राला लावलेल्या गाळणीतून जातं, साफ होतं, अंगात साठलेलं जादा पाणी निघून जातं आणि दुसऱ्या सुईतून रक्त परत आत. चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा यायचं, आणि हे जन्मभराचं. यंत्र कुणाला बरं करत नाही. पुढच्या पाळीपर्यंत पोचवतं, एवढंच.

पेशंट आला की पहिल्यांदा काट्यावर उभा करायचा. गेल्या खेपेपेक्षा जेवढं वजन वाढलं, तेवढं पाणी प्यायला. तोंडाने कुणी काहीही सांगो, काटा सगळं सांगून टाकतो. आमच्याकडे दुसाने नाना म्हणून होते. सराफ बाजारात चाळीस वर्षं सोनं तोललेला माणूस. "ताई, तुमचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो," हे त्यांचं दर खेपेचं म्हणणं. एकदा ते रिक्षात घालून ओळखीच्या किराणावाल्याचं वीस किलोचं लोखंडी वजन घेऊन आले. काट्यावर ठेवलं. बरोब्बर वीस. नाना बराच वेळ वजनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग काल लग्नात थोडी कढी झाली असेल."

आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं. नाव लिहीत नाही. उपचार मोफत, त्यामुळे बोदवड, मुक्ताईनगर, चोपडा, पार शिरपूरकडूनही लोक यायचे. यंत्रं चार. रोज सकाळी एक पाळी, दुपारी एक पाळी, म्हणजे रोजची आठ माणसं. आठवड्याचे सहा दिवस आणि प्रत्येकाच्या दोन खेपा. अशी चोवीस माणसं झाली की दार बंद.

पंचविसाव्याचं नाव यादीत जायचं. त्या यादीइतकी वाईट वस्तू मी दुसरी पाहिली नाही. नातेवाईक यायचे, खाली बघत विचारायचे, "ताई, जागा होतेय का कुठे?" जागा कशी होते, ते त्यांनाही माहीत असायचं. विचारताना त्यांना लाज वाटायची आणि न विचारता राहवायचं नाही.

त्या यादीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती इथे लिहायलाच हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक जागा झाली, तेव्हा पहिलं नाव तडवी आडनावाच्या एका गृहस्थांचं होतं. मी दिवसभरात तीनदा फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी दोनदा लावला. तरी बंद. चौथ्या नंबरच्या माणसाचा भाऊ तिथेच बाकावर बसून होता. मी जागा त्या चौथ्या माणसाला देऊन टाकली. यंत्र रिकामं ठेवायचं नाही, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं. आठ दिवसांनी तडवी पिशवी घेऊन दारात उभे. गावात वीज नव्हती, फोन चार्ज झाला नव्हता. पुढची जागा झाली तोवर ते राहिले नाहीत. मला कुणी दोष दिला नाही. यंत्र एक दिवसही रिकामं राहिलं नव्हतं ना!

पुढे काही वर्षांनी बोदवडचे झोपे सर आमच्याकडे येऊ लागले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची पाळी. पहाटेची गाडी पकडून यायचे. आडनाव झोपे, पण चार तासांत एकदाही डोळा लागायचा नाही. पुस्तक वाचायचे. एका हाताला सुया लावलेल्या, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने जाड पुस्तक धरायचं म्हटलं तर पान उलटता यायचं नाही. म्हणून ते "ताई, पान," म्हणायचे आणि मी जाता-येता उलटायचे. असं करता करता मी विचारलं, "सर, एवढं काय आहे यात?"

"भांडण आहे," सर म्हणाले. "एक पक्ष म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करा. याला उपयुक्ततावाद म्हणतात."

"मग बरोबरच आहे की. यात भांडायचं काय?"

"भलं आहेच. फक्त त्यात बेरीज बघायची असते. बेरीज वाढवताना एखादा माणूस वजा झाला, तर कागदावर ते दिसत नाही."

मला तडवी आठवले.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं त्यांनी पुढच्या खेपेला सांगितलं. नियम करायला बसाल, तेव्हा मनात असं धरा की आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊकच नाही. बाई की पुरुष, म्हातारे की तरणे, जळगावात राहणारे की डोंगरात. डोळ्यांपुढे पडदा आहे असं समजा. पडदा उघडला की आपण कुणीही निघू शकतो. तेव्हा जो नियम आपल्याला मान्य होईल, तो न्यायाचा. "कारण मग प्रत्येक जण सगळ्यात वाईट जागेचा विचार आधी करतो," सर म्हणाले. "तिथे आपणच असू, ही भीती असते ना."

हे सगळं पुस्तकातलं म्हणून मी विसरूनही गेले असते. पण काही महिन्यांनी आमच्याकडे नवे व्यवस्थापक आले.

माणूस चांगला होता, हे मी मुद्दाम लिहिते. कामाचा होता, पेशंटला हात जोडून बोलायचा. त्यांनी वर्षभराचं हजेरीपत्रक काढून बघितलं. त्यात रुमालीबाईच्या नावापुढे खाड्यांची रांग होती. रुमालीबाई सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्या वरच्या पाड्यावरची. पन्नाशीची बाई, मोहाची फुलं आणि डिंक गोळा करून, मजुरी करून राहणारी. तिचीही मंगळवार-शुक्रवार सकाळचीच पाळी. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, ही बाई न आल्यामुळे यंत्र जितके तास बंद राहिलं, तितक्या तासांत एक माणूस जगला असता." हिशेब खोटा नव्हता.

आणि तो माणूस खरंच दारात होता. किरण नावाचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. पाइपच्या कारखान्यात कामाला, पदरात दोन लहान मुली. यादीत त्याचं नाव पहिलं.

साहेबांनी एक तक्ता तयार केला. वय, तब्येत, पदरात किती माणसं, कामधंदा, हजेरी, सगळ्याला गुण. बेरीज करायची आणि ज्या दोघांचे गुण सगळ्यात कमी, त्यांना आठवड्यातून एकाच पाळीवर आणायचं. दोघांची एकेक पाळी वाचली की एक जागा तयार. आठवड्याला एक पाळी म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. हळूहळू जाणं.

"भावना बाजूला ठेवून भरा, ताई," असं म्हणून त्यांनी तक्ता माझ्याकडे दिला.

मी भरला. खोटं काही लिहिलं नाही. तेविसावं नाव झोपे सरांचं आलं. वय जास्त, हृदय कमजोर, घरात बायको सोडून कुणी नाही. चोविसावी रुमालीबाई.

शुक्रवारी मी ते सरांना सांगितलं. सांगायला नको होतं, नियमात बसत नव्हतं. पण त्यांच्या हातात सुया घालताना मला गप्प राहता येईना. सर आधी हसले. म्हणाले, "तीस वर्षं मी हा प्रश्न परीक्षेत दहा गुणांना टाकला. कुणी वेळेत संपवायचं नाही."

"सर, तुम्ही चला ना मीटिंगला. तुम्ही मांडा. तुमच्याइतकं कुणाला येणार?"

"मी नाही येणार," ते म्हणाले. "माझंच नाव आहे त्यात. मी कितीही शहाणपणाचं बोललो तरी तो स्वतःचा जीव वाचवण्याचा युक्तिवाद होईल. तुम्ही मांडा. तुमचं नाव कुठेच नाही."

मग मी पलीकडच्या खाटेवरच्या रुमालीबाईकडे गेले. सात वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते विचारलं. "बाई, तुम्ही खाडे का करता?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की हे हिला माहीत कसं नाही? "सकायले सात वाजता कशी येवू मी, ताई? पयली गाडीच आठले शे. आदल्या दिन येस, आठे व्हरांडामा झोपस. पाऊस ऱ्हायना, नाला भरना, का येता येत नही."

पहिली गाडीच आठची, म्हणून ती आदल्या दिवशी येऊन इथेच व्हरांड्यात झोपायची आणि पावसात नाला भरला की तिला येताच यायचं नाही. तिला सकाळची पाळी मिळाली होती, कारण ती आली तेव्हा तीच रिकामी होती. आम्हीच तिला जमणार नाही अशी वेळ दिली आणि ती चुकली की आम्हीच लाल शेरा मारला. सात वर्षं मी त्या व्हरांड्यावरून ये-जा करत होते.

त्या दिवशी मी ठरवलं, की हा तक्ता माझ्या हातून पुढे जाणार नाही.

विश्वस्तांची बैठक सोमवारी होती. पाच विश्वस्त, व्यवस्थापक आणि आठवड्यातून दोनदा येणारे आमचे किडनीचे डॉक्टर. मी आदल्या दिवशी घरी बसून पंचवीस चिठ्ठ्या केल्या. चोवीस आमचे आणि पंचविसावा किरण. नावं नाहीत. नुसतं वय, घर किती लांब, पदरात कोण, खाडे किती. प्रत्येकी दोनदा घडी घातली.

बैठकीत व्यवस्थापकांनी तक्ता नीट समजावून सांगितला. पटण्यासारखाच होता. मग मी उभी राहिले. चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या.

"साहेब म्हणतात भावना बाजूला ठेवा. मी म्हणते नावंही बाजूला ठेवू. प्रत्येकाने यातली एक चिठ्ठी घ्या. उघडू नका. मुठीत ठेवा. आधी नियम ठरवा, मग उघडा. त्यात जो माणूस निघेल, तो तुम्ही."

एक विश्वस्त वैतागले. "हा काय पोरखेळ आहे? आपण काय पेशंट आहोत?"

"नाही, म्हणूनच म्हणते," मी म्हणाले.

विश्वस्तांत सगळ्यात वडील होते ते डाळ मिलवाले आबा. त्यांनी हात पुढे केला आणि चिठ्ठी घेतली. मग बाकीच्यांनाही घ्यावी लागली. व्यवस्थापकांनीही घेतली. आबांनी मूठ मिटून विचारलं, "यात तो पंचविसावा पोरगापण आहे?"

"आहे, आबा."

"म्हणजे माझ्या मुठीत तोही असू शकतो."

"हो."

माझा विचार इतकाच होता, की सरांना आणि रुमालीबाईला वाचवायचं. आबांच्या प्रश्नाने लक्षात आलं, की पडद्याआड किरणही उभा आहे. 'आहे तसंच चालू द्या' असं म्हणून मलाही सुटता येणार नव्हतं.

आबा डॉक्टरांकडे वळले. "यंत्रं जास्त वेळ का नाही चालवत?"

"पाणी नाही," डॉक्टर म्हणाले. "एका माणसाच्या एका पाळीला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं. आपलं पाणी शुद्ध करायचं संयंत्र दिवसाला आठ माणसांपुरतंच. मोठं बसवायचं मंजूर आहे, पण दिवाळी उजाडेल."

आठ माणसं, चार-चार तास. बत्तीस तासांचं पाणी. मी उरलेल्या एका चिठ्ठीच्या मागे आकडे मांडले. प्रत्येकाने साडेतीन तास घेतले तर आठांचे अठ्ठावीस होतात. चार तास उरतात. त्यात रोज नववा माणूस बसतो. आठवड्याला सहा पाळ्या, म्हणजे तीन माणसं. किरण आणि यादीतले पुढचे दोन.

"दिवाळीपर्यंत चालेल का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी माझे आकडे पुन्हा मांडून बघितले. "पाणी आणि मीठ कडक सांभाळलं तर बहुतेकांना चालेल. पण मी कुणावर लादणार नाही. पेशंटना विचारा."

आबा उठले. मुठीतली चिठ्ठी त्यांनी न उघडताच खिशात घातली. "विचारा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळच्या पाळीला चार खाटांवर दुसाने नाना, रुमालीबाई, झोपे सर आणि भुसावळचे एक अबोल निवृत्त गार्ड. मी सगळं सांगितलं. कुणाचे गुण किती आले होते ते मात्र सांगितलं नाही.

नाना लगेच भडकले. "मी एक खेप चुकवत नाही. वेळेवर येतो. माझा अर्धा तास कापायचा, तो कशासाठी? जे चुकवतात त्यांचा कापा."

त्यांचंही चूक नव्हतं. जो नियमाने वागतो, त्याला काहीतरी हक्क असतोच. मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. आज ते बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं.

बोलली ती रुमालीबाई. "नाना, मनं कापा ना, मी चुकाडस. पन मना एकलीना कापीसन तो पोऱ्या जगाव नही. बठ्ठास्ना अर्धा घंटा कापा. मना बी कापा. तो जगी जाई."

आपल्या एकटीचं कापून भागणार नाही, सगळ्यांचंच कापा आणि माझंही, असं ती म्हणत होती. आवाज चढवून नाही. बाजारात भाव सांगावा तसं.

नाना म्हणाले, "पण दिवाळीपर्यंतच हां, ताई. लिहून द्या." मी लिहून दिलं. मग मोकळा हात वर करायला सांगितलं. गार्डसाहेबांचा वर गेला, रुमालीबाईचा गेला, नानांचा अर्धा गेला आणि सरांचा पूर्ण. तीन दिवसांत सगळ्या पाळ्यांना विचारलं. डॉक्टरांनी तब्येतीमुळे दोघांना चार तासच ठेवले. बाकीच्यांत फक्त एकाने नाही म्हटलं. त्याचाही अर्धा तास आम्ही कापला नाही.

आणखी एक गोष्ट मी विश्वस्तांकडून मंजूर करून घेतली. पाळीची वेळ आधी कुणी निवडायची? ज्याला येणं सगळ्यात अवघड, त्याने. रुमालीबाईने दुपारची घेतली. पुढच्या पावसाळ्यात तिचे खाडे दोनवर आले. नानांचं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे त्यांचा नंबर शेवटचा. नवव्या माणसाला जागा करायला आता सकाळची पाळी सहालाच सुरू व्हायची. "वेळेवर येण्याचं बक्षीस," असं ते येईल त्याला सांगायचे.

किरणची पहिली पाळी चालू होती, तेव्हा नाना मुद्दाम भेटायला आले. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "तुझ्या यंत्रात अर्धा तास माझा आहे. केळं खाऊन वाया घालवायचा नाही." किरणला काही कळलं नाही, त्याने नुसती मान हलवली.

तक्ता करणारे साहेब एकदा माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "माझ्या चिठ्ठीत ती डोंगरातली बाई निघाली होती, ताई. घरी जाऊन उघडली." नव्या संयंत्रासाठी पुढे ते जे धावले, त्याला तोड नाही.

सरांबद्दल डॉक्टर साशंक होते. हृदय कमजोर, चार तासच ठेवू म्हणाले. सर ऐकेनात. "मी हात वर केलाय. आता सवलत कशी घेऊ?" डॉक्टर म्हणाले, बघू, त्रास वाटला तर लगेच चार. मी दर खेपेला त्यांचा रक्तदाब घ्यायचे, पाय दाबून सूज बघायचे. ठीक असायचं. मी जास्त आग्रह धरला असता तर त्यांनी ऐकलं असतं का, हे मला ठाऊक नाही. मी धरला नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सर बोदवडला घरीच, सकाळी चहा पिता पिता गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार होता, अर्ध्या तासाचा संबंध नसावा. 'नसावा' हा शब्द मी आजवर मोजून बघते आहे.

दहाव्याला मी बोदवडला गेले. सगळे पांगल्यावर सरांच्या बायकोने, काकूंनी, मला आत नेलं आणि सरळ विचारलं. "ताई, त्यांना तो अर्धा तास मिळाला असता तर?"

डॉक्टरांचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी ते दिलं नाही. "माहीत नाही, काकू," म्हणाले.

त्या म्हणाल्या, "त्यांनाही माहीत नव्हतं. मला म्हणाले होते, माझं काही होईल की नाही कोण जाणे, पण आज मी खरा पेपर दिला."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "त्यांची जागा दिली का कुणाला?"

"दिली. येत्या शुक्रवारपासून. एक बाई आहेत."

"कुठच्या?"

"शिरपूरच्या वरच्या बाजूच्या."

"एवढ्या लांबून?" काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "यांची तर सकाळची पाळी होती. बोदवडहून निघायचं तरी आम्ही तीनला उठायचो. तिला कशी जमेल ती? तुम्ही विचारलं का तिला?"

मी विचारलं नव्हतं. लांबच्याने आधी वेळ निवडायची, हा नियम मीच भांडून करून घेतला होता आणि रिकामी झालेली जागा मी आहे तशीच पुढच्या नावाला देऊन मोकळी झाले होते.

मी काकूंच्या घरूनच फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. बाईंना दुपारची वेळ हवी होती. दुपारच्या पाळीतल्या जळगावच्या एका गृहस्थांना सकाळी या म्हणून सांगितलं. ते कुरकुरले. मी ऐकून घेतलं आणि त्यांचं नाव सकाळच्या पाळीत लिहिलं.